दुपारी मृत, सकाळी हजर

पडदा वर जातो. रंगमंचावर औषध कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकी नाही. उजव्या विंगेला फायलींचं कपाट, त्याचं एक दार कायम उघडं, कारण ते लावलं की दुसरं उघडतं. डाव्या विंगेला पाण्याचं यंत्र, मधूनच पोटात गुडगुडणारं. मधोमध टेबल, त्यावर दोन स्क्रीन, एका स्क्रीनच्या डोक्यावर वाळत घातलेला हातरुमाल. मागच्या पांढऱ्या फळ्यावर माणसाचं चित्र, पण नाक, डोळे, हात, पाय काही नाही. नुसते चौकोन आणि चौकोनांना जोडणारे बाण. एका चौकोनात 'पोट', एकात 'रक्त', एकात 'यकृत', एकात 'हृदय', आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या चौकोनात बारीक अक्षरात 'उरलेला माणूस'.

टेबलाशी एक पन्नाशीचा गृहस्थ पाठमोरा बसला आहे. खांदे पडलेले, स्वेटर कोपरावर विरलेला. स्क्रीनकडे बघत तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो आहे. दारात मी.

"गेले," तो म्हणाला.

"कोण गेलं?"

"सासरे."

माझ्या हातातली पर्स खाली पडली. "अरे, काहीतरीच काय! आत्ता येताना मी त्यांना तुझ्या गॅलरीत दाढी करताना बघितलं!"

"ते घरातले, आत्याबाई. हे यातले." त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "रोज दुपारी जातात. उद्या सकाळी येतील परत."

या माणसाला आम्ही कुजबुजे म्हणायचो. त्याला खरं आडनाव होतं, चांगलं भारदस्त होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही. लहानपणी घशाचं काहीतरी दुखणं झालं आणि त्याच्या गळ्यात आवाजाऐवजी वारा राहिला. तो रागावला तरी कुजबुजायचा. कॉलेजात गणित शिकत असताना तो आमच्या नाटक मंडळीत आला, आणि असा गळा घेऊन आलेल्या मुलाला दुसरं काय काम देणार? विंगेत स्टूल टाकलं, हातात नाटकाची प्रत दिली आणि त्याला प्रॉम्प्टरच्या हाताखाली बसवलं. मी तेव्हा मंडळीत कारस्थानी आत्याची कामं करायचे. इतकी वर्षं केली, की माझी सख्खी भाचरंसुद्धा मला जरा घाबरून असत.

आमचे नायक म्हणजे महाराज. राजा, सम्राट, सेनापती, याखालचं काम त्यांनी केलं नाही. एकदा नुसतेच जमीनदार झाले तर दोन अंकभर अवघडल्यासारखे वावरत होते. आवाज असा, की बाहेरच्या चहावाल्यालाही नाटक पाठ झालेलं. पण स्वतः महाराजांचं पाठांतर म्हणजे चाळणीत भरलेलं पाणी. त्यातही त्यांची तऱ्हा निराळी. नुसते विसरले असते तर निभावलं असतं. महाराज वाक्य म्हणायचे, म्हटलेलं विसरायचे आणि पुन्हा म्हणायचे. किंवा म्हणायचे नाहीत आणि म्हटलं असं समजून पुढे जायचे. काय गेलं आणि काय आलं, हे त्यांचं त्यांना कधीच ठाऊक नसे.

एक प्रयोग मला अजून आठवतो. पहिल्या प्रवेशात राजानं निरपराध प्रधानाला सोडायचं, आणि नंतर खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा द्यायची. महाराजांनी पहिलं वाक्य गाळलं. तेव्हाचा आमचा जुना प्रॉम्प्टर मोठा प्रामाणिक. राहिलेलं वाक्य दिल्याशिवाय त्याच्यानं पुढे जाववेना. तो देत राहिला, देत राहिला, आणि महाराजांनी एका दमात दोन्ही म्हणून टाकली, "याचा शिरच्छेद करा आणि याला सोडून द्या!"

जल्लादाचं काम करणारा बिचारा भोळा गडी. तलवार खाली करून त्यानं भर रंगमंचावर विचारलं, "महाराज, कुठल्या क्रमानं?"

दुसऱ्या दिवसापासून प्रॉम्प्टरचं स्टूल कुजबुजेकडे आलं. त्याची पद्धत साधी होती. राहिलेलं वाक्य कधी द्यायचंच नाही. "गेलं ते गेलं," तो म्हणायचा. "एखादं वाक्य गेलं तर लोकांना कळत नाही, आत्याबाई. दोन एकदम आली की कळतं."

याच विंगेत महाराजांची लेक पोशाखांना टाके घालत बसायची. कुजबुजेनं तिला मागणी घातली तीसुद्धा रंगमंचावर चाललेल्या आळवणीच्या पदाच्या आडून. महाराजांना कळलं तेव्हा ते मेकअपच्या आरशात बघून म्हणाले, "इतके दिवस माझी वाक्यं तोंडात धरून बसला होता. आता माझी लेकच घेऊन चालला!" पण लग्नात सगळ्यात जास्त रडले तेही तेच. आणि मंडळी बंद पडल्यावर त्याच जावयाच्या घरी, गॅलरीलगतच्या खोलीत, आरशासकट राहायला गेले.

कुजबुजे औषध कंपनीत लागला. काय करतोस रे, म्हणून विचारलं तर फळ्यापुढे उभं करून त्यानं मला समजावलं.

"औषध म्हणजे पात्र. तोंडातून एन्ट्री. पोटात वरचा पोशाख उतरतो. मग रक्तातून फेरी. हृदयापाशी त्याचा खरा प्रवेश, त्या दोन वाक्यांसाठी सगळा खटाटोप. नंतर यकृतात मारामारी, त्यात निम्मं कामी येतं. उरलेलं मूत्रपिंडाच्या विंगेतून बाहेर. कोण किती वेळ रंगमंचावर आहे, तेवढंच मी हिशेबानं सांगतो. खरं माणूस गोळी गिळण्याआधी."

"आणि हा 'उरलेला माणूस'?"

"ते प्रेक्षागृह. औषध तिथं जाऊन नुसतं बसतं."

आता ती गोळी कुठली, ते सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. ठेका चुकणाऱ्या हृदयासाठी ती नवी गोळी होती. कमी पडली तर हृदय उधळतं, जास्त झाली तर इतकं रेंगाळतं की माणूस उभ्या जागी कोसळतो. रोज सकाळी एक घ्यायची. कुजबुजेनं कॉम्प्युटरात हजार माणसं तयार केली होती. कुणी जाड, कुणी म्हातारं, कुणाचं यकृत आळशी, कुणाचं मूत्रपिंड उतावळं. ही हजारही माणसं रोज सकाळी एकाच क्षणी एकेक गोळी गिळत आणि सुखानं जगत. वरच्या समितीनं त्यावरून सूचना ठरवली होती, की एखाद्या दिवशी गोळी राहिली तर पुढच्या दिवशी दोन एकदम घ्याव्यात. कॉम्प्युटरातल्या शहाण्या माणसांकडून तसंही करवून पाहिलं. एकाचाही केस वाकडा झाला नाही.

पण कुजबुजेला चैन पडेना. "हजार माणसं आणि सगळ्यांना पाठ! असा प्रयोग मी जन्मात बघितलेला नाही."

म्हणून त्यानं त्यांना विसरायला शिकवलं. आता विसरणारी माणसं आणायची कुठून? ज्याच्याकडे जे असतं ते तो देतो. त्यानं आमची अख्खी नाटक मंडळी कॉम्प्युटरात घातली. आमचा विनोदी नट, ज्याला हशा आला की तेच वाक्य पुन्हा म्हणायची खोड, तो तिथं बरं वाटलं की आणखी एक गोळी घ्यायचा. आमची नायिका समोरच्याची वाक्यं बोलायची, ती तिथं नवऱ्याच्या गोळ्या खायची. क्रमांक एकोणीस मी.

"मी काय करते रे?"

"तुम्ही विसरत नाही. फक्त सगळं थाटात आणि उशिरा करता. तुमची सकाळची गोळी दुपारी होते."

"मरते का मी?"

"छे! शेवटपर्यंत टिकता. थोडी चक्कर येते."

"चक्कर चालेल," मी म्हटलं.

आणि क्रमांक सात म्हणजे महाराज. घेतलेली विसरायचे, न घेतलेली घेतली समजायचे, आणि शंका आली की सूचनेप्रमाणे दोन. म्हणजे कधी एकूण तीन. कॉम्प्युटरात त्यांचं हृदय जेवणानंतर मंदावत जायचं आणि चहाच्या सुमाराला थांबायचं.

इथं कंपनीच्या शिस्त खात्यानं नाटकात उडी घेतली. त्याचं असं झालं, की तळघरातल्या मोठ्या मशीनवर वेळ मिळायचा तो माणशी. ज्याच्या नावावर कर्मचारी क्रमांक, त्यालाच वेळ. कुजबुजेला हजार जणांचा वेळ हवा होता. त्यानं सरळ सगळ्या हजारांना हंगामी कर्मचारी म्हणून नोंदवलं, आणि कुणी हरकत घेतली नाही, कारण नोंदणीही मशीनच करायचं. मग हजारांना वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊ लागल्या. जिन्यावरून सावकाश उतरण्याचं प्रशिक्षण घेतलं नाही म्हणून हजारांना समज आली. आणि एक दिवस शिस्त खात्याच्या साहेबांचं पत्र आलं, "क्रमांक सात हे दुपारी मृत व दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असल्याचे वारंवार दिसते. तरी खुलासा करावा."

कुजबुजेनं खुलासा पाठवला, "स्वभाव."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास खरे महाराज जिना चढताना धापा टाकून मध्येच बसले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून बघितलं. हृदयाचा ठेका चुकत होता. नवी गोळी येते आहे, तिच्या चाचणीत पहिल्या तुकडीत तुमचं नाव घालते, असं त्यांनी सांगितलं. कुठली गोळी, ते आता तुम्हाला सांगायला नको.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सूप निवत होतं. कुजबुजेची बायको ते वाढता वाढता थांबली.

"अहो, आत्याबाई म्हणतात ते खरं? तुम्ही माझ्या वडिलांना रोज मारता?"

"मी नाही मारत. गोळी मारते. आणि रोज नाही, रविवारी मशीन बंद असतं."

"मग त्यांचं नाव काढा त्या चाचणीतून!"

"मी कसं काढू? कुणाची नावं आहेत हे आम्हाला कळायचंसुद्धा नसतं. मी सूचना बदलायला सांगतोय, ऐकत नाहीत. बाबांना सांग, त्यांनी नकार द्यावा."

"नकार?" दारात महाराज उभे. खांद्यावर टॉवेल, पण पांघरला असा की भरजरी शेला वाटावा. "पहिल्या प्रयोगाचं बोलावणं आलंय आणि मी नकार देऊ? जावईबापू, नव्या गोळीची पहिली तुकडी! माझ्याआधी ती कुणी घेतलेली नसेल!"

"बाबा, विसराल तुम्ही!"

"मी? मी आजवर एक वाक्य विसरलेलो नाही. विचार आत्याबाईंना."

मी सूप प्यायले. काही प्रश्नांना उत्तर म्हणून सूपच बरं.

बायकोनं पळी खाली ठेवली. "मला काही कळत नाही तुमच्या चौकोनांतलं. ती दोन गोळ्यांची ओळ जाईल असं बघा. बाबांना काही झालं, तर तुमच्याशी उभ्या जन्मात बोलणार नाही."

कुजबुजे काही म्हणाला. पाण्याच्या नळात ते बुडून गेलं.

माझा या गोष्टीशी संबंध आला तो असा. चाचणीतल्या लोकांना गोळी कशी घ्यायची हे आवाजात ऐकवायचं होतं, आणि कुजबुजेनं माझं नाव सुचवलं होतं. मी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर गेले होते ती ते ठरवायलाच. प्रत्यक्ष मुद्रण झालं ते या संध्याकाळनंतर. ध्वनिमुद्रणाची खोली तळघरात, भिंतींना गाद्या लावलेल्या. काचेपलीकडे मुद्रण करणारा आणि त्याच्या मागे कुजबुजे. मी सुरुवात केली, "नमस्कार. ही गोळी रोज सकाळी एक घ्यावी. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर..." आणि काचेपलीकडे कुजबुजेचे ओठ हलले.

काचेतून आवाज येत नव्हता. पण त्याचा आवाज तसाही कधी यायचा नाही. आम्ही नट मंडळी त्याचे ओठच वाचायचो. ओठ म्हणत होते, 'पुढचं.' लेखकाचं ऐकायचं की प्रॉम्प्टरचं, हा प्रश्न नटाला पडत नाही. मी ती ओळ सोडून पुढची वाचली.

दोन दिवसांत बोलावणं आलं. कुजबुजेला, आणि ओळ गाळणारी कोण ती म्हणून मलाही.

समितीची खोली. लांब टेबल, पालथे घातलेले ग्लास, पाऊल बुडेल असा गालिचा. मध्यभागी संशोधन खात्याच्या प्रमुख, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. पांढरे केस, पायात खेळाडूंचे बूट. एका बाजूला हृदयाचे डॉक्टर. दुसऱ्या बाजूला शिस्त खात्याचे साहेब, त्यांच्यापुढे क्रमांक सातची फाईल.

"सूचना गाळण्याचा विषय नंतर घेऊ," साहेब म्हणाले. "आधी या साताचं बघा. गोळी वेळेवर घेत नाही. दोनदा समज दिली, फरक नाही."

"त्यानं वाचली का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पोच आली आहे."

"पोच मी दिली," कुजबुजे कुजबुजला. "तो तेव्हा मृत होता."

"पाहिलंत? वर हे!"

मोठ्या बाईंनी हात वर केला. "कुजबुजे, तुम्ही म्हणता ती ओळ धोक्याची आहे. का, तर तुमच्या कॉम्प्युटरात एक इसम मरतो. मला सांगा, असं माणूस खरोखर असतं का?"

"असतं, बाई."

"कुठं?"

"माझ्या घरी."

"मग उद्या घेऊन या."

महाराज आले ते कोट, टाय आणि सम्राटाच्या भूमिकेतला बिल्ला लावून. दाराशी येऊन थांबले. आत येईनात. शेवटी मी ओळखलं आणि मोठ्यानं म्हटलं, "महाराज येत आहेत!" तेव्हा आले.

मोठ्या बाईंनी साखरेच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या काढल्या. एक महाराजांपुढे ठेवली, आणि दुसरी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, शिस्तीच्या साहेबांपुढे. "नियम तोच. माझी घंटा वाजली की एक. राहिली तर पुढच्या घंटेला दोन. घेतली की आपापल्या कागदावर खूण करा. आपण तोवर बाकीच्या विषयांवर बोलू."

पहिली घंटा वाजली. महाराज उठले. ग्लास उंचावला, डावा हात छातीवर, उजव्या पायाचं पाऊल किंचित पुढे. गोळी घेतली. हृदयाच्या डॉक्टरांनी नकळत टाळी वाजवली, आणि तिथंच सगळं बिघडलं. महाराजांना प्रेक्षक मिळाला. ते डॉक्टरांना तिसऱ्या अंकातली लढाई सांगू लागले. दुसरी घंटा वाजली, तेव्हा ते घोड्यावर होते. एक हात लगामाला, दुसऱ्यानं गोळी तोंडात. मी बघितलं, कुजबुजेनं बघितलं. महाराजांनी मात्र बघितलं नव्हतं.

तिसरी घंटा. महाराज थबकले.

"मघाची मी घेतली का?"

आणि सवयीनं त्यांनी मान वळवली, जशी आयुष्यभर वळवली होती तशी, विंगेकडे. कुजबुजेकडे.

त्याचे ओठ उघडले. इतक्या वर्षांत त्यानं महाराजांना कधी असं उघड्यावर सोडलं नव्हतं. एक शब्द पुरला असता. त्यानं ओठ दातांखाली धरले आणि गालिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाही घेतली," महाराजांनी स्वतःच निकाल दिला. "म्हणजे दोन." घेतल्या. पुढच्या घंटेला पुन्हा शंका आली, तेव्हा पुन्हा दोन. "एक आत्ताची, एक शंकेची," ते डॉक्टरांना म्हणाले.

मोठ्या बाईंनी बाटली ओतून मोजली. "खऱ्या असत्या तर?"

"चहाच्या सुमाराला गेले असते," कुजबुजे म्हणाला.

"कोण गेलं असतं?" महाराजांनी विचारलं.

"तुम्ही, महाराज. कॉम्प्युटरातले तुम्ही."

महाराजांचा चेहरा उजळला. "माझा मृत्यू आहे यात? आधी नाही का सांगायचं!" आणि ते मरू लागले. मी त्यांचे अनेक मृत्यू बघितले आहेत, पण हा अव्वल होता. आधी खुर्चीच्या पाठीचा आधार, मग टेबलाच्या कडेनं हात फिरवत शेवटचा दरबार, मग गुडघे, मग गालिचा. हृदयाच्या डॉक्टरांचा रंग उडाला. ते धावत जाऊन नाडी बघू लागले. महाराजांनी एक डोळा उघडून सांगितलं, "थांबा हो, अजून संपलं नाही."

हे चाललं असताना मोठ्या बाई शिस्तीच्या साहेबांकडे वळल्या होत्या. साहेबांच्या कागदावर सगळ्या खुणा होत्या. सुबक, एका रांगेत. बाटलीही भरलेली होती. काठोकाठ.

"हे काय?"

"खुणा मी सुरुवातीलाच करून ठेवल्या. काम हातावेगळं झालेलं बरं असतं."

"आणि गोळ्या?"

साहेबांनी बाटलीकडे बघितलं. हलवून बघितली. "त्या... राहिल्याच की."

मला हसू आवरेना. पण मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या कुजबुजेकडे वळल्या. "तुमच्या हजारांत असा माणूस आहे?"

"नाही, बाई."

"एकही कारकून नाही? शिक्षक, दुकानदार, शिंपी, पोस्टमन?"

कुजबुजे इतकं हळू बोलला, की तेही मी ओठांवरूनच वाचलं. "दुसरी माणसं मी कधी जवळून पाहिलीच नाहीत. सगळे नटच आहेत."

"हजारच्या हजार?"

"स्वभाव बावीस. वयं आणि यकृतं निरनिराळी."

"म्हणजे हे मॉडेल नव्हे, नाटक कंपनी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "याच्या जोरावर मी सूचना बदलू शकत नाही." गालिच्यावर महाराजसुद्धा मरायचे थांबले. "पण ती आता तशीच जाऊही देऊ शकत नाही. चाचणी पुढे ढकला. महिनाभरात मला खरी माणसं घालून द्या. सुरुवात साहेबांपासून करा. आणि हे आजोबा..." त्यांनी खाली बघितलं. "त्यांनी आमचं सगळं आतून बघितलं. आता ते या चाचणीत बसायचे नाहीत. इस्पितळाला कळवा."

महाराज ताडकन उठून बसले. "म्हणजे मला भूमिकेतून काढलं?"

"हो."

"पदार्पणाआधीच?"

"हो."

"जावईबापू!" महाराजांचा आवाज तळघरापर्यंत गेला असेल. कुजबुजे मात्र भिंतीला टेकून उभा होता, आणि मी त्याला पहिल्यांदाच तोंडभर हसताना बघितलं. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा तिनं म्हणे सुपाची पळी त्याच्या हातात दिली आणि त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. गरम सूप दोघांच्या पायावर सांडलं.

महिनाभर कुजबुजे माणसं बघत हिंडला. पोस्टात, बँकेत, शिंप्याच्या दुकानात बाकावर जाऊन बसायचा. लोकांना वाटे, कुणी तपासनीस आला आहे. एका शिंप्यानं घाबरून त्याचा विरलेला स्वेटर फुकट रफू करून दिला. आणि पुढे कॉम्प्युटरात कारकून घातले तर ते वेगळ्याच पद्धतीनं कोसळायला लागले. खुणा सगळ्या करायचे, गोळी एक नाही, आणि डॉक्टरांची भेट जवळ आली की भीतीनं चार एकदम. दोन गोळ्यांची ओळ गेली. गोळीची ताकदही थोडी उतरवली. मला पुन्हा तळघरात बोलावलं, आणि या खेपेला काचेपलीकडचे ओठ मिटलेले होते. मी वाचलं, "राहिलेली गोळी सोडून द्यावी. घेतली की नाही हे आठवत नसेल, तर घेतली असं समजावं." ते अजूनही माझ्याच आवाजात ऐकवतात, असं मला कुणीतरी सांगितलं. कुठल्याही आत्याच्या कामानं मला इतके श्रोते दिले नव्हते.

चाचण्या पार पडून गोळी दुकानात आली, तेव्हा महाराजांनाही मिळाली. ते जावयावर तेव्हाही रुसूनच होते. बोलत नसत. पण सकाळची गोळी मात्र त्याच्या समोर उभे राहूनच घेत. ग्लास उंच, हात छातीवर, पाऊल पुढे. दोनदा तोल जाऊन पडलेही, त्यात गोळीचा काही दोष नव्हता. कॉम्प्युटरातल्या क्रमांक सातनं मात्र मरणं सोडून दिलं. शिस्त खात्यानं त्याला नियमित हजेरीबद्दल प्रशस्तिपत्र पाठवलं. कुजबुजेनं ते चौकट करून सासऱ्यांच्या आरशाशेजारी लावलं, आणि त्या दिवशी रुसवा संपला.

महाराजांनी ठणठणीतपणे नव्वदी ओलांडली. कुजबुजेचं वय कमी, पण त्याची छाती आधीच थकली. शेवटच्या आजारपणात त्याचा होता तो वाराही विरत गेला. गॅलरीलगतच्या खोलीतच त्याचा पलंग हलवला होता, कारण तिथं ऊन यायचं. मी रोज जाऊन बसायचे. बायको उशाशी, मी पायथ्याशी. बोलणं नव्हतंच. कधी पाणी हवं असलं तर ओठ हलायचे आणि आम्ही दोघी वाचायचो.

एका सकाळी महाराज दारात आले. अंगावर टॉवेलचा शेला, हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोळी. एक की दोन, मला दिसेना. त्यांनी पाऊल पुढे टाकलं, छाती भरून घेतली, आणि मग चेहऱ्यावर ती जुनी शंका आली.

"जावईबापू," ते विंगेकडे बघावं तसे पलंगाकडे बघून म्हणाले, "कालची राहिली वाटतं."

कुजबुजेनं डोळे उघडले. त्यानंतर तो दोन दिवस होता, पण बोलला तो हेच शेवटचं:

"गेली ती गेली, महाराज. आजची एक घ्या. आणि बसून घ्या."